बेटावरच्या सुट्टीसाठी विमानतळ कसा निवडावा: मुक्कामापासून मागे मोजण्याची पद्धत

बेटावर जायचे ठरले की बहुतेक जण तिकीट शोधताना बेटाचे नाव टाकतात आणि ज्या विमानतळाचे भाडे सर्वांत कमी दिसते तो निवडून मोकळे होतात. मोठ्या शहरात जाताना ही पद्धत फारशी अंगाशी येत नाही, कारण थोडे लांबच्या विमानतळावर उतरलो तरी रात्री-अपरात्री गाडी करून मुक्कामी पोहोचता येते. बेटाचे तसे नसते. शेवटची बोट सुटून गेली, वारा वाढला किंवा अंधार पडला की पुढची वाट तेथेच खुंटते आणि समोर दिवे दिसत असलेल्या बेटावर जाण्यासाठी सकाळची वाट पाहावी लागते. म्हणून विमानतळाचा विचार तिकिटापासून सुरू करू नये. पहिली रात्र ज्या खोलीत काढायची आहे तिच्या दारापासून तो सुरू करावा आणि तेथून एकेक टप्पा मागे येत विमानतळापर्यंत पोहोचावे, असे माझे ठाम मत आहे. या लेखातल्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: बेट नव्हे, किनारा निश्चित करा

'आम्ही क्रीटला चाललो आहोत' एवढ्या माहितीवर विमानतळ निवडता येत नाही. ग्रीसचे हे बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे आणि त्याचे दोन मुख्य विमानतळ, हेराक्लिऑन आणि हानिया, एकमेकांपासून रस्त्याने दोन तासांहून अधिक अंतरावर आहेत. क्नोसोसचे प्राचीन अवशेष पाहायचे असतील तर हेराक्लिऑन सोयीचे, कारण ते शहरापासून अवघ्या पाच-सहा किलोमीटरवर आहेत. समारियाची घळ चालायची असेल किंवा एलाफोनिसीच्या उथळ पाण्यात दिवस घालवायचा असेल तर हानिया हवे. या दोन सुट्ट्या बेटाच्या नावाने एकच असल्या तरी प्रवासाच्या दृष्टीने त्या वेगळ्याच आहेत.

एकाच बेटाच्या दोन बाजूंना हवामानही वेगळे असते आणि डोंगराळ बेटावर तर हा फरक फार मोठा असतो. हवाई द्वीपसमूहातल्या सर्वांत मोठ्या बेटाच्या मधोमध मौना केआ आणि मौना लोआ हे चार हजार मीटरांहून उंच पर्वत उभे आहेत. पूर्वेकडून येणारे बाष्पयुक्त व्यापारी वारे त्यांना अडतात. त्यामुळे पूर्वेकडच्या हिलो विमानतळाच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतल्या पश्चिमेकडच्या कोना विमानतळाभोवती काळ्या लाव्हाचे कोरडे माळ पसरलेले आहेत. पोहण्यासाठी आणि उन्हासाठी जाणाऱ्याने कोनाला उतरावे. ज्वालामुखी उद्यान हे मुख्य आकर्षण असेल तर मात्र हिलो बरे, कारण तेथून उद्यान पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि कोनाहून ते अंतर सुमारे तिप्पट होते.

ऋतूचा विचारही याच पायरीवर करावा. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील फुकेतला मे ते ऑक्टोबर हा पावसाळा असतो, तर पूर्वेकडच्या आखातातल्या कोह समुईला ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, विशेषतः नोव्हेंबरमध्ये, जोराचा पाऊस होतो. देश एकच, दोन्ही ठिकाणी विमानतळ आहेत, तरी महिना बदलला की उत्तर बदलते. हा निर्णय चुकला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या अचूक पार पाडूनही सुट्टी खिडकीतून पाऊस पाहण्यात जाईल.

दुसरी पायरी: तीन प्रकारचे विमानतळ शोधा

किनारा ठरल्यावर नकाशा उघडून तीन प्रकारचे विमानतळ कागदावर लिहून घ्यावेत: त्याच बेटावरचे, शेजारच्या बेटावरचे आणि मुख्य भूमीवरचे. तिकिटांची संकेतस्थळे यांतला एखादा प्रकार हटकून गाळतात, त्यामुळे हे काम स्वतः नकाशा पाहूनच करावे.

फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटावर विमानतळ नाही. त्याच्या समोर, पनाय बेटावर, कॅटिक्लान हा एक विमानतळ आहे. तेथून धक्का अगदी जवळ आहे आणि होडीने पलीकडे जायला पाव तास पुरतो. दुसरा विमानतळ कॅलिबो, तोही पनायवरच, पण कॅटिक्लानच्या धक्क्यापासून रस्त्याने सुमारे ७० किलोमीटर दूर. 'बोराकाय' असा शोध घेतल्यावर दोन्ही एकाखाली एक दिसतात आणि दोघांत दीड-दोन तासांच्या रस्त्याचे अंतर आहे हे तेथे लिहिलेले नसते.

शेजारचे बेट हा पर्याय तर अनेकांना सुचतच नाही. स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातल्या ला गोमेराला जायचे असेल तर तेथे छोटा विमानतळ असला तरी विमाने मोजकीच आणि आंतरबेटीय असतात. बहुतेक प्रवासी शेजारच्या तेनेरिफे बेटावर उतरून लोस क्रिस्तियानोस बंदरातून जहाजाने जातात. आता तेनेरिफेवरही दोन विमानतळ आहेत, एक उत्तरेला ला लागुनाजवळ आणि एक दक्षिणेला. लोस क्रिस्तियानोस दक्षिण विमानतळापासून साधारण वीस किलोमीटरवर आहे, पण उत्तर विमानतळापासून तेथे जायला जवळजवळ अर्धे बेट ओलांडावे लागते. त्यात तिकीट शोधताना 'टीसीआय' या सामाईक संकेताखाली दोन्ही विमानतळ एकत्र दिसतात. म्हणून आरक्षणापूर्वी तिकिटावर 'टीएफएन' म्हणजे उत्तर लिहिले आहे की 'टीएफएस' म्हणजे दक्षिण, हे डोळ्यांखालून घालावे. शहराचे नाव वाचून विसंबू नये. तीन अक्षरांचा संकेत वाचावा.

तिसरी पायरी: पाण्यावरचा टप्पा नीट समजून घ्या

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण बेटावरच्या बहुतेक सुट्ट्यांचा पहिला दिवस येथेच बिघडतो. विमानतळ आणि मुक्काम यांच्यामध्ये पाणी असेल तर चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय तिकीट काढू नये. धक्का विमानतळापासून किती दूर आहे? शेवटचे वाहन किती वाजता सुटते? ते आठवड्यातल्या कोणत्या दिवशी चालत नाही? आणि खराब हवेत ते सर्वांत आधी बंद होते का?

मालदीव हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमाने राजधानी मालेजवळच्या वेलाना विमानतळावर उतरतात आणि तेथून दूरच्या प्रवाळबेटांवर नेणारी सागरी विमाने, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमाने, फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारी साधारण साडेतीननंतर उतरणाऱ्या प्रवाशाला त्या दिवशी सागरी विमान मिळेल याची खात्री नसते आणि रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमालेत काढावी लागते. म्हणजे संध्याकाळी उतरणारे स्वस्त विमान पसंत करणारा माणूस प्रत्यक्षात मुक्कामाची एक रात्र गमावतो आणि दुसऱ्या हॉटेलचे भाडे वर भरतो. अशा वेळी तीन मार्ग उरतात: सकाळी उतरणारे विमान घ्यावे, वेगवान नौकेने पोहोचता येईल असे जवळचे बेट निवडावे, किंवा वेलानाहून धरावंधू अथवा गानसारख्या देशांतर्गत विमानतळापर्यंत साधे विमान पकडून पुढे नौकेने जावे. साधी विमाने अंधारातही चालतात. सागरी विमानात सामानाची मर्यादाही कडक असते. सामान्यतः २० किलोचे मोठे सामान आणि ५ किलोची हातातली पिशवी एवढ्यालाच परवानगी असते. लांबच्या विमानात तीस किलो चालतात म्हणून भरलेली बॅग येथे जादा शुल्काला कारण होते.

सार्वजनिक बोटींवर अवलंबून राहणार असाल तर आठवड्याचा वार पाहायला विसरू नका. मालदीवमधल्या सार्वजनिक बोटी शुक्रवारी बहुतांशी बंद असतात, तर युरोपातल्या अनेक छोट्या बेटांना हिवाळ्यात आठवड्यातून मोजक्याच दिवशी जहाज असते. वेळापत्रक पाहताना स्वतःच्या प्रवासाच्या तारखेचेच पाहावे. जुलैचे वेळापत्रक पाहून नोव्हेंबरचे तिकीट काढणे ही फार नेहमीची चूक आहे.

विमानतळ आणि धक्का यांच्यातले अंतरही कागदावर लिहावे. अथेन्सहून ग्रीक बेटांकडे जाणारे प्रवासी सवयीने पिरेयसच्या मोठ्या बंदराकडे धाव घेतात, पण अथेन्सचा विमानतळ शहराच्या पूर्वेला आहे आणि त्याच बाजूचे राफिना बंदर पिरेयसच्या मानाने विमानतळाला कितीतरी जवळ आहे. आंद्रोस, तिनोस आणि मिकोनोसला तेथून नियमित जहाजे सुटतात. भर शहरातून आडवे जाण्याचा त्रास केवळ बंदर बदलल्याने वाचतो.

इक्वेडोरच्या गालापागोस बेटांवर तर बाल्ट्रा विमानतळावर उतरल्यावर आधी बस, मग इटाबाका नावाची चिंचोळी खाडी ओलांडणारी होडी आणि त्यानंतर सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता, अशा तीन टप्प्यांनी पुएर्तो आयोरा गाठावे लागते. याउलट सान क्रिस्तोबालचा विमानतळ गावाला इतका लागून आहे की सामान हलके असेल तर चालत जाता येते. दोन्ही विमानतळांना मुख्य भूमीवरच्या ग्वायाकिल आणि किटो या शहरांतूनच विमाने येतात, त्यामुळे विमानात बसण्यापूर्वीचा प्रवास दोन्हींसाठी सारखाच राहतो आणि निवड केवळ पुढच्या टप्प्यावर करता येते.

चौथी पायरी: दारापासून दारापर्यंतचे तास मोजा

आता यादीतल्या प्रत्येक विमानतळासाठी एकूण वेळेची बेरीज करा. कोह समुईचेच उदाहरण घेऊ. बँकॉकहून थेट समुईला विमान जाते आणि मुख्य भूमीवरच्या सुरत थानीलाही जाते. उड्डाणाचा वेळ जवळपास सारखाच आहे. समुईचा विमानतळ १९८९ मध्ये बँकॉक एअरवेज या कंपनीने बांधला आणि तो आजही तिच्याच मालकीचा आहे. तेथे इतर कंपन्यांची फारशी स्पर्धा नसल्याने भाडे चढे राहते आणि त्यामुळेच सुरत थानीचा मोह होतो. सुरत थानीला उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, दोनसाक धक्क्यापर्यंत बसने साधारण दीड तास, जहाजाची वाट पाहण्यात तासभर, जहाजातला दीड तास आणि पलीकडे मुक्कामापर्यंत अर्धा तास धरला तर पाच तास होतात. समुईला उतरल्यावर हाच वेळ एक तासाच्या आसपास असतो. फरक जाताना चार तासांचा आणि येताना तेवढाच.

या आठ तासांची किंमत सुट्टीच्या लांबीवर ठरते. चार दिवसांच्या सुट्टीत आठ तास म्हणजे जवळजवळ एक पूर्ण दिवस, आणि त्या दिवसाचे हॉटेलचे भाडे आपण भरलेलेच असते. पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्या दोन तरुण मित्रांना मात्र मुख्य भूमीवरून जाण्याने खरी बचत होईल आणि जहाजावरून दिसणारा समुद्रही त्यांना आवडेल. लहान मूल किंवा गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर मी वाहने बदलण्याचे टप्पे तासांपेक्षाही महत्त्वाचे मानतो. विमानातून बस, बसमधून होडी, होडीतून टेम्पो असे प्रत्येक वेळी सामान उचलणे सर्वांना झेपेलच असे नाही.

मी एकदा भाड्यातला फरक पाहून मुख्य भूमीवरचा विमानतळ निवडला होता. विमान वेळेवर उतरले, पण धक्क्याकडे नेणारी बस तासभर उशिरा सुटली आणि आम्ही पोहोचलो तेव्हा दिवसातले शेवटचे जहाज बंदराबाहेर पडले होते. त्या रात्रीच्या खोलीने भाड्यातली सगळी बचत खाऊन टाकली. तेव्हापासून शेवटच्या जहाजाच्या आधीचे जहाज गाठता येत असेल तरच तो विमानतळ निवडायचा, हा नियम मी स्वतःपुरता केला आहे आणि तुम्हीही करावा असे आग्रहाने सांगतो.

पाचवी पायरी: वारा, धुके आणि राख

बेटांवरचे विमानतळ बहुधा समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या अरुंद जागेत बांधलेले असतात, त्यामुळे हवामानाने ते लवकर अडचणीत येतात. पोर्तुगालच्या मदेरा बेटाच्या विमानतळाची धावपट्टी २००० मध्ये समुद्रालगत खांबांवर उभारून वाढवण्यात आली, पण धावपट्टी लांब झाली तरी डोंगरावरून उतरणारा अस्थिर वारा बदलत नाही. तेथे वाऱ्याच्या वेगाला मर्यादा घालून दिलेल्या आहेत आणि त्या ओलांडल्या गेल्या की विमाने शेजारच्या पोर्तो सान्तो बेटावर किंवा त्याहूनही दूर वळवली जातात. येथे निवडीला वाव कमी आहे, पण पहिल्या दिवशी जहाजसफर किंवा लग्नसमारंभ ठेवू नये एवढे शहाणपण नक्की दाखवता येते.

तेनेरिफेच्या उत्तर विमानतळाची अडचण धुक्याची आहे. तो समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि ढग थेट धावपट्टीवर उतरतात. २७ मार्च १९७७ रोजी अशाच धुक्यात तेथे दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. दक्षिणेकडचा विमानतळ त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाला. आज उत्तर विमानतळ सुरक्षितपणे चालतो, परंतु धुक्यामुळे उशीर होण्याची शक्यता तेथे राहतेच.

इटलीच्या सिसिली बेटावर कटानियाचा विमानतळ एटना ज्वालामुखीच्या पायथ्याकडे आहे. एटना राख फेकू लागला की तो काही तास किंवा अधिक काळ बंद ठेवावा लागतो आणि विमाने बेटावरच्याच पालेर्मो, कोमिसो किंवा त्रापानीला पाठवली जातात. एवढ्यासाठी कटानिया टाळावे असे मी म्हणणार नाही, कारण ताओर्मिना आणि बेटाच्या पूर्व किनाऱ्यासाठी तोच योग्य विमानतळ आहे. मात्र एटना जागा असेल तर पालेर्मोहून कटानियाला बसने तीन तास लागतात, हे आधीच ठाऊक असावे.

समुद्रावरच्या वाऱ्याचे गणित वेगळे आहे. ग्रीसच्या पूर्वेकडच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि तो वाढला की वेगवान नौका आधी थांबवल्या जातात; मोठी, संथ जहाजे त्यानंतरही काही काळ चालतात. त्यामुळे या काळात शेवटचा टप्पा वेगवान नौकेने पार करायचा बेत असेल तर सोबत मोठ्या जहाजाची वेळही लिहून ठेवावी. नॅक्सोससारख्या बेटावर विमानतळ आहे, पण धावपट्टी जेमतेम ९०० मीटरची असल्याने तेथे फक्त छोटी, पंख्यावर (प्रोपेलरवर) चालणारी विमाने उतरतात आणि उन्हाळ्यातल्या जागा लवकर संपतात.

सहावी पायरी: तिकीट एकच आहे ना, ते तपासा

मोठ्या विमानतळावर उतरून छोट्या विमानाने बेटावर जाताना दोन्ही उड्डाणे एकाच आरक्षणात असतील तर पहिले विमान उशिरा आले तरी पुढच्या विमानात जागा देणे ही विमान कंपनीची जबाबदारी असते आणि सामानही बहुधा थेट शेवटपर्यंत जाते. दोन वेगळी तिकिटे काढली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपण केवळ वेळेवर न आलेले प्रवासी ठरतो. वेगळी तिकिटे काढावीच लागली तर मधला वेळ किमान चार तास ठेवावा, आणि दिवसातले शेवटचे छोटे विमान असेल तर सरळ दुसऱ्या दिवशीचे घ्यावे. जहाजाचे तिकीट विमानाच्या आरक्षणात बहुधा नसतेच, म्हणून ते तारीख बदलता येईल अशा प्रकारचे काढावे.

सातवी पायरी: प्रवेशाचे नियम

विमानतळ बदलला की कधीकधी कागदपत्रेही बदलतात. अमेरिकेत विमान बदलायचे असेल तर पुढचे विमान तासाभरात असले तरी प्रत्येक प्रवाशाला तेथील इमिग्रेशनमधून जावे लागते; म्हणून मायामीमार्गे जमैकाला जाणाऱ्याला, त्याच्या नागरिकत्वानुसार, अमेरिकेचा व्हिसा किंवा पूर्वपरवानगी लागते. लंडन किंवा टोरांटोमार्गे गेल्यास तेथील स्वतंत्र नियम पाहावे लागतात. पॅरिसमार्गे मार्टिनिक किंवा ग्वादेलूप या फ्रान्सच्या कॅरिबियन बेटांना जाताना एक विमान शार्ल द गोल विमानतळावर उतरते आणि पुढचे बऱ्याचदा ओर्ली या दुसऱ्या विमानतळावरून सुटते. शहरातून आडवे जायचे म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात प्रवेश आला आणि ज्यांना त्यासाठी व्हिसा लागतो त्यांना तो घ्यावाच लागतो.

सायप्रसच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. लार्नाका आणि पाफोस हे सायप्रस प्रजासत्ताकाचे मान्य प्रवेशमार्ग आहेत. प्रजासत्ताकाच्या ताब्यात नसलेल्या, बेटाच्या उत्तर भागातल्या एर्जान विमानतळावर तुर्कस्तानमार्गेच पोहोचता येते आणि प्रजासत्ताक त्याला वैध प्रवेशद्वार मानत नाही. दक्षिणेकडे मुक्काम असताना केवळ स्वस्त म्हणून एर्जानचे तिकीट काढणे अडचणीचे ठरू शकते.

आठवी पायरी: उतरा एकीकडे, परता दुसरीकडून

मोठ्या बेटावर आठवडाभर फिरायचे असेल तर जाण्याचा आणि येण्याचा विमानतळ एकच असावा, हा हट्ट सोडून द्यावा. सिसिलीत कटानियाला उतरून सिराक्युज, रागुझा, अग्रिजेंतो असे फिरत पालेर्मोहून परतले तर शेवटच्या दिवशी दोनशे किलोमीटर उलटे यावे लागत नाही. गालापागोसला बाल्ट्राला उतरून सान क्रिस्तोबालहून निघण्याचा लाभही असाच आहे. असे तिकीट शोधताना 'जाणे-येणे' ऐवजी 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडावा. दोन एकेरी तिकिटांपेक्षा ते बहुधा कमी भाड्यात मिळते. भाड्याची गाडी घेणार असाल तर ती दुसऱ्या विमानतळावर सोडण्याचे वेगळे शुल्क आधी विचारावे. तसेच बऱ्याच कंपन्या गाडी जहाजावर चढवून दुसऱ्या बेटावर न्यायला मनाई करतात, हेही करारात पाहावे.

परतीचा दिवस मोजताना तिसऱ्या पायरीतले चारही प्रश्न पुन्हा विचारावेत, कारण उशिरा पोहोचल्याने एक रात्र जाते, पण उशिरा निघाल्याने घरी नेणारे विमानच सुटते. सकाळी लवकर उड्डाण असेल आणि मध्ये पाणी असेल तर शेवटची रात्र विमानतळाच्या बाजूला काढावी. मालदीवसारख्या ठिकाणी सागरी विमान सूर्योदयानंतरच निघते, त्यामुळे पहाटेच्या विमानासाठी आदल्या संध्याकाळीच परतावे लागते. ज्या आठवड्यात वाऱ्याने जहाजे थांबण्याची शक्यता असेल त्या आठवड्यात मी आंतरराष्ट्रीय उड्डाणापूर्वी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवतो आणि तो दिवस शक्यतो धक्क्यापासून चालत जाता येईल अशा ठिकाणीच घालवतो.